पाण्याचं अंडं

६ फेब्रुवारी १९९४, रविवार

यंदाचं पहिलं मीठ निघालं आणि वाईट निघालं. मातकट, ओलसर, आणि मध्ये मध्ये पापडाचा चुरा पडावा तसे पातळ पापुद्रे. नजीबशेठने मूठभर उचललं, तळहातावर चोळलं, फुंकर मारली आणि काही न बोलता निघून गेला. तो बडबड्या माणूस. बोलला नाही म्हणजे जास्त वाईट.

मिठागर त्याचं, पण पाण्यावर तीस वर्षं नजर बाबांची. मोठ्या वाफ्यात उन्हाने आटत ठेवलेलं खारं पाणी कधी पिकलं, मिठाच्या लहान वाफ्यांत कधी सोडायचं, हे बाबांनी सांगायचं आणि बाकीच्यांनी फावडी उचलायची. असंच चालत आलंय.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "दर्या पातळ झालाय."

दर्या पातळ! बीएस्सी केमिस्ट्री झालेल्या मुलीसमोर! मी म्हटलं, समुद्र असा एका वर्षात पातळ होत नसतो. विडी पेटवली आणि बाहेर जाऊन बसले. मला राग आला. कसला ते नीट कळलं नाही.

८ फेब्रुवारी

जेवताना बाबांनी मीठ मागून घेतलं. आमटीत नाही घातलं. नुसतं जिभेवर ठेवून बसले. दोनदा.

१३ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी होती म्हणून बाबांबरोबर मिठागरावर गेले. दुसऱ्या मिठाचं पाणी पिकत आलंय. द्रोणागिरीच्या बाजूला नव्या रस्त्याची आखणी चाललीय, तिकडची धूळ वाऱ्याबरोबर येते. बाबा म्हणाले, मिठात ती पन येत असंल. मी म्हटलं, धुळीचे पापुद्रे होत नाहीत.

बाबांची परीक्षा लहानपणापासून बघतेय, पण आज नीट बघितली. शर्टाच्या खिशातून अंडं काढायचं. वाफ्यातलं पाणी डब्यात घ्यायचं. अंडं हळूच सोडायचं. ते तरंगतं की नाही एवढंच बघायचं नाही — तरंगायला तर ते केव्हाच लागतं. वर किती राहतं ते महत्त्वाचं. कोरड्या टोकावर अंगठा आडवा ठेवायचा. अंगठ्याचं पहिलं पेर पूर्ण मावलं आणि पाणी लागलं नाही, की पाणी पिकलं. पाव पेर कमी असलं तरी थांबायचं. बाबांनी यात कधी घाई केली नाही, हे मात्र खरं.

आज अर्धं पेर मावलं. "आठ दिस," म्हणाले.

आईची आठवण आली. आई रोज सकाळी बाबांच्या खिशात स्वतःच्या हाताने अंडं ठेवायची. मी सात-आठ वर्षांची असताना एकदा ते उचललं होतं, उकडून खायला. पाठीत धपाटा बसला. "ते पान्याचं हाय! खायाचं त्या टोपलीतलं घे." मला तेव्हा वाटलं, बाबांचे लाड. अंडं ते अंडं, त्यात पाण्याचं काय आणि खायचं काय!

आई गेली गेल्या श्रावणात. सहा कोंबड्या होत्या, त्या मी शेजारच्या शेवंताबाईला देऊन टाकल्या. मी सकाळी सहाच्या एसटीने पनवेल, तिथून कंपनीच्या बसने तळोजा. परत यायला सात. बाबा दिवसभर मिठागरावर. कोंबड्या कोण बघणार? आता अंडी मी पनवेलहून आणते. पगार झाला की दोन डझन, महिना जातो. फळीवर पत्र्याखाली ठेवलेली असतात.

१७ फेब्रुवारी

कंपनीच्या लॅबमधला हायड्रोमीटर तिथल्या प्रमुख सुमेधा मॅडमकडे मागितला. काचेची नळी, खाली शिसं, वर बारीक आकडे. पाण्यात उभा सोडला की पाणी जेवढं दाट तेवढा तो वर राहतो, आकडा वाचायचा. कशाला हवाय, विचारलं. "वडिलांना दाखवायला." मॅडम हसल्या. "फुटला तर लिहून द्यावं लागेल हं जयमाला." रुमालात गुंडाळून, डब्याच्या पिशवीत, मांडीवर घेऊन आणला. त्यापेक्षा तान्हं मूल बरं.

२० फेब्रुवारी, रविवार

भांडण झालं. होणारच होतं.

सकाळी बाबांनी अंगठा ठेवला. पेर पूर्ण मावलं. "पिकलं. उघडा," म्हणाले. मी त्याच डब्यात हायड्रोमीटर सोडला. अठरा! पुन्हा पुसून सोडला. अठराच. चोवीस पाहिजे होतं.

मी सांगितलं, बाबा, थांबा, पाणी अठरावरच आहे. अठरा म्हणजे कच्चं. एवढ्यात सोडलं तर मिठाच्या आधी जिप्सम बसतं — खडू ज्याचा करतात ते. पापुद्रे तेच आहेत.

"काच मना शिकवनार?"

मी समजावायला बसले. तिथेच, बांधावर, सगळ्यांसमोर — हीच चूक झाली. म्हटलं, कुठलीही वस्तू पाण्यात गेली की आपल्यापुरतं पाणी बाजूला सारते. सारलेल्या पाण्याचं वजन तिच्या वजनाएवढं झालं की ती तिथे थांबते, आणखी खाली जात नाही. मिठाचं पाणी जड, म्हणून तिला थोडंच सारून भागतं. बाकीचं अंग वर राहतं. ही नळी तेच मोजते.

बाबा म्हणाले, "मंग मी अंगठ्यानं काय मोजतो?"

तेच मोजतात ते. अगदी तेच. तरी एकाच डब्यातल्या पाण्यात नळी कच्चं म्हणते आणि अंडं पिकलं म्हणतं. दोघांतलं एक खोटं. काच खोटी नाही, लॅबमध्ये मी स्वतः तपासून आणलीय. म्हणजे बाबांचा अंगठा.

साठी उलटली त्यांची. बोटं मिठाने चिरून चिरून दगड झालीत. कळत नसेल आता ओलं कुठे लागतंय ते.

बाबांनी पाणी सोडायला लावलं. मी घरी आले.

२३ फेब्रुवारी

घरात बोलणं फक्त चहा, डबा, दिवे गेले, दिवे आले.

६ मार्च, रविवार

दुसरं मीठही तसंच. पापुद्रे जास्तच.

आणि मी एक काम केलं. इथे लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. संध्याकाळी नाक्यावर नजीबशेठ भेटला. जीप थांबवून म्हणाला, "तुझ्या बापाला काय झालंय गं? मी काय बोलू त्यांना, माझ्या वडलांच्या टायमाचा माणूस." मी सगळं सांगितलं. पाणी अठराला सोडतात, चोवीसला सोडायला पाहिजे, बोटांना कळत नाही आता — आकड्यासकट. शहाणी! मला वाटलं शेठ एक नळी विकत घेईल, बाबांना हळूच देईल आणि मिटेल. खरंच असंच वाटलं होतं.

शेठ म्हणाला, "बरं झालं बोललीस." जीप गेली.

८ मार्च

मिटलं नाही. शेठने काल बाबांना बोलावून सांगितलं — पुढच्या मिठापासून पाणी बघायला पेणहून माणूस येईल, काच घेऊन. पंधरा-वीस दिवसांत येईल. तुम्ही बांध बघा, खाडीचं पाणी आत घ्यायची ती उघाडीची दारं बघा, पगार तोच. "तुमी आता आराम करा देवजीदादा."

बाबा मला एवढंच म्हणाले, "शेठ बोलला, आराम कर." पुढे जेवले. नेहमीएवढं जेवले, हे बघून जास्त वाईट वाटलं.

९ मार्च

शेवंताबाई आली होती. गावभर झालंय. "कोन लागला शेठच्या कानाला? त्याची जीभ झडो!" मी चहा गाळत होते. गाळणं हातातून सुटलं. ती म्हणाली, "जपून गं बाय, भाजशील."

बाबा तिथेच बसले होते. त्यांनी कप पुढे केला.

१२ मार्च

आज सांगायचं ठरवलं होतं. बाबा विळा घासत होते. मी दारात उभी राहिले. "काय?" म्हणाले. मी म्हटलं, "काही नाही, रॉकेल संपलंय."

१५ मार्च

बाबा मिठागरावर जातात, पण मोठ्या वाफ्याकडे फिरकत नाहीत म्हणे. उघाडीपाशी बसतात. खिशात अंडं नसतं. शर्ट धुताना खिसा चाचपला — विडीचं बंडल, बाकी काही नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा. मला रडू आलं, साबणाच्या हाताने डोळे पुसले, मग आणखी आलं.

२० मार्च, रविवार

हे नीट लिहिलं पाहिजे.

सकाळी अंडी उकडायला घेतली. फळीवर चारच उरली होती. बाबांना अंड्याचं कालवण आवडतं, मनवायचा तेवढाच मार्ग. कमी पडतील म्हणून शेवंताबाईकडून दोन मागून आणली, आजचीच, अजून कोमट होती. पातेल्यात साधं पाणी घेतलं आणि सहाही सोडली.

शेवंताबाईची दोन तळाशी आडवी झोपली. माझी चार उभी राहिली! निमुळतं टोक खाली, जाड टोक वर. एक तर तळ सोडून डोलत होतं.

गॅस पेटवायचा राहिला. मी किती वेळ त्या पातेल्याकडे बघत होते कोण जाणे.

अंडं जुनं झालं की टरफलातून आतली ओल उडून जाते आणि जाड टोकाला हवेची पोकळी वाढते. आकार तोच, वजन कमी. हलकं अंडं हलक्या पाण्यातही वर येतं. हे मी कॉलेजात वाचलंय! नववीच्या मुलांना शिकवलंय शिकवणीत! आणि महिनाभर पत्र्याखाली शिजलेली पनवेलची अंडी बापाच्या खिशात पाठवत होते. आधी दुकानात किती दिवस होती ते वेगळंच.

अंगठा बरोबर होता. अंडं खोटं होतं. आणि ते अंडं मी आणलेलं.

२१ मार्च

लॅबमध्ये दोन अंडी घेऊन गेले, एक माझं, एक शेवंताबाईचं. सुमेधा मॅडमना वाटलं डबा आहे. दोन्ही मापाला सारखी निवडली होती — दोन्हींनी पन्नास-पन्नास मिलिलिटर पाणी सारलं. मग तराजू. ताजं साडेचोपन्न ग्रॅम. जुनं साडेएक्कावन्न.

तीन ग्रॅम. हिशेब करून बघितला. ताजं अंडं चोवीसच्या पाण्यात जेवढं वर राहील, जवळपास तेवढंच हे जुनं अठराच्या पाण्यात राहतं. अंगठ्याला दोन्ही सारखीच. तीन ग्रॅमसाठी बाबांना उघाडीवर बसवलं आम्ही. आम्ही कसलं, मीच.

२२ मार्च

बाबांना सांगितलं. दोन पेले मांडले, दोन्हीत साधं पाणी, एकात आडवं अंडं, एकात उभं. बाबा खाली वाकून बघत राहिले. दोन्ही काढून हातात घेतली, तोलली. पुन्हा सोडली.

मग म्हणाले, "मना वाटायचं अंडं म्हंजे अंडं."

मी म्हटलं, मलाही.

"तिला ठाव व्हतं." बोटाने अंडं खाली दाबत म्हणाले. "त्या दिसाचंच द्यायची. कोंबडी बसायला मागायची तरी ते काडून घ्यायची, भांडायची कोंबडीशी. मी हसायचो." मग, "म्हंजे तीस वर्सं पानी मी एकल्यानं नाय बगितलं."

मला तेव्हा सांगायचं होतं — शेठला मीच बोलले म्हणून. त्यांचा चेहरा बघून नाही जमलं. पेले विसळून ठेवले.

२४ मार्च

शेठकडे मी स्वतः गेले. पेल्यांची गोष्ट त्यालाही करून दाखवली, त्याच्याच ओट्यावर. नजीबशेठ पोरासारखा खूश झाला, बायकोला हाक मारून बोलावलं, "सलिमा, हे बघ अंडं कसं उभं!" मग गंभीर झाला. "पण पेणवाल्याला शब्द दिलाय मी. पुढच्या गुरुवारी यायचाय तो." शेवटी म्हणाला, रविवारी मिठागरावर बघू. एका बाजूला काच, एका बाजूला देवजीदादा. जमलं तर पेणला निरोप धाडतो. नाही जमलं तर पुन्हा विषय नको.

चालेल म्हटलं. मी कोण चालेल म्हणणारी!

२७ मार्च, रविवार

शिमग्याचा दिवस असूनही माणसं जमली. कुणाला तमाशा नको असतो?

सकाळी शेवंताबाईने खुराड्यात हात घालून अंडं काढलं आणि स्वतः बाबांच्या हातात दिलं. बाबांनी ते खिशात ठेवलं नाही. हातातच घेऊन चालत गेले.

डबा भरला. अंडं सोडलं. अंगठा ठेवला. मी नखं खात होते. सगळ्यांना वाटत होतं म्हणतील पिकलं — पाणी दिसायलाही तसंच होतं, कडेला पांढरी साय धरलेली. आणि तसं म्हणणं सोयीचंही होतं, पेणवाला गुरुवारी यायचा होता.

बाबा म्हणाले, "नाय. कच्चं हाय. दोन दिस, कडक ऊन पडलं तर."

शेठने माझ्याकडे बघितलं. मी हायड्रोमीटर सोडला. साडेबावीस.

शेठ म्हणाला, "मंगळवारी बघू." तो एकदम उठला नाही. बांधावर बाबांच्या शेजारी बसला, विडी मागितली. तो विडी ओढत नाही.

२९ मार्च, मंगळवार

रजा टाकली. पोट बिघडलंय असं लिहिलं.

ऊन कडक पडलं होतं दोन्ही दिवस. आजचं अंडं आजचंच. बाबांनी अंगठा ठेवला, उचलला, पुसला, पुन्हा ठेवला. पेर पूर्ण. मग अंगठा शेठपुढे धरला. कोरडा.

"उघडा."

शेठ मला म्हणाला, काच टाक. मी टाकली. चोवीसच्या रेषेवर, वर एक केसभर.

शेठने पेणला निरोप धाडायला माणूस तिथूनच पाठवला. बाबांना म्हणाला, "देवजीदादा, आपली चुकी झाली. पण एक करा. अंडं कुणाचं, कुठल्या दिवसाचं, ते बघत जा."

बाबा म्हणाले, "बगनारी गेली. आता मीच बगीन." एवढं बोलून पाण्यामागे निघाले, अनवाणी, वाफ्यावाफ्यातून.

मला खूप आनंद झाला. खरोखर. आणि त्याच्या आत ती एक गोष्ट, चपलेत खडा राहावा तशी. शेठने सगळ्यांसमोर "आपली चुकी" म्हटलं. माझं नाव घेतलं नाही. घ्यायला हवं होतं असंही वाटलं, आणि नाही घेतलं म्हणून जीवही भांड्यात पडला.

५ एप्रिल

हायड्रोमीटर परत केला. शाबूत. मॅडमनी विचारलं, दाखवला का वडिलांना? म्हटलं, हो. त्यांना लागत नाही.

१७ एप्रिल, रविवार

मीठ निघालं. पांढरं! टपोरं, कोरडं, दातांखाली करकर वाजणारं. एकही पापुद्रा नाही. शेवंताबाईला पहिली टोपली बाबांनी स्वतः नेऊन दिली. ती म्हणाली, एवढ्या मिठाचं मी काय करू, मासं खारवू की तुमाला? बाबा हसले. आई गेल्यावर पहिल्यांदा हसताना बघितलं.

जेवताना पुन्हा सांगायचं ठरवलं. पुन्हा नाही सांगितलं. आज कशाला बिघडवा — हे कारण. खरं कारण, भीती वाटते.

१९ एप्रिल

शेवंताबाईने दोन कोंबड्या परत दिल्या. आईच्याच. मी म्हटलं, मावशी, मी दिलेल्या वस्तू परत कशा घेऊ? "तुना कोन देतंय? देवजीला देते."

२० एप्रिल

सकाळी सहाच्या एसटीसाठी पिशवी भरत होते. बाबा खुराड्यातून अंडं घेऊन आले आणि दारातच थांबले. म्हणाले, "शेठनं मना बोलावला व्हता तवा तो म्हनाला, अठराचं पानी सोडता तुमी. मिठागरावर आकडा कोन बोलतो? तो आकडा मी एकाच्याच तोंडून आयकला व्हता."

दीड महिना! त्या पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि रोज माझ्या हातचं जेवले.

"पानी कच्चं व्हतं," बाबा म्हणाले. "कोनीतरी बोलायलाच पायजे व्हतं. तुझी आय असती तर पैल्याच दिशी बोलली असती." मग अंडं रुमालात बांधलं, म्हणाले, "एसटी चुकंल बाय," आणि निघाले.